कुरणातला वाकडीचा सामना

गोवर्धन भांडायलाच निघाला होता. धोतराचा काचा मारलेला, हातात बाभळीचं दांडकं आणि तोंडात शिव्या तयार.

बडनेऱ्याच्या कुरणाला लागून त्याचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची, धुऱ्याच्या बांधावर झेंडू. त्या रविवारी आगगाडीच्या कामावरचे गोरे कुरणात काठ्या घेऊन काहीतरी खेळत होते. त्यांच्यातले दोघं एका चेंडूमागं धावत आले, मळ्याचं काटेरी कुंपण तोडून सरळ मेथीच्या वाफ्यात शिरले. एकानं तिथूनच काठीनं चेंडू उडवला आणि दोघं तसेच परत पळाले. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आवो, एकटे नोका जाऊ," त्याची बायको जमुना मागून म्हणाली. "ते लय हायेत."

"असू दे. माह्या मेथीत नाचतात म्हंजे काय?"

गोवर्धन पैलवान होता. बडनेऱ्यात आणि अमरावतीत त्याच्या अंगाला माती लावायला माणसं विचार करायची. तो कुरणाच्या कडेला गेला, दांडकं उगारलं, आणि तिथंच थांबला.

समोर दोन माणसं एकाच चेंडूवर धावून येत होती. दोघांच्या हातात खाली वाकलेल्या, चपट्या तोंडाच्या काठ्या. दोघांनी एकाच वेळी काठ्या फिरवल्या. लाकडावर लाकूड असं आदळलं की झाडावरचे बगळे उडाले. एक काठी निसटून दुसऱ्याच्या नडगीवर बसली. तो गडी कोसळला. गोवर्धनला वाटलं, आता झालं, आता डोकी फुटणार. पण पडलेला माणूस उठला, नडगी चोळली, थुंकला, आणि ज्याची काठी लागली त्याच्या पाठीवर थाप मारून पुन्हा चेंडूमागं पळाला. हसत.

गोवर्धननं असं कधी पाहिलं नव्हतं. कुस्तीच्या फडात कुणाचा हात मुरगळला तरी दोन गावांची बोलचाल बंद व्हायची. इथं तर माणसं एकमेकांवर बैलासारखी आदळत होती, रक्त पुसत होती, आणि राग कुठंच नव्हता. त्याचं दांडकं केव्हा खाली आलं ते त्यालाच कळलं नाही. सूर्य कलेपर्यंत तो तिथं उभा होता. भांडायचं राहूनच गेलं.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडातल्या बोंडांकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. लोकांनी ज्वारी मोडून कापूस पेरला, चराऊ रानात पेरला, घरामागच्या परसात पेरला. तो लवकर मुंबईला पोचावा म्हणून भुसावळकडून आगगाडीचा रस्ता पुढं सरकत होता आणि अकोल्याला, बडनेऱ्याला पुलांची नि भरावाची कामं एकदम चालली होती. एवढ्या सगळ्यात बडनेऱ्याचं कुरण तेवढं नांगराविना राहिलं होतं. महादेवराव पाटलांनी सांगूनच टाकलं होतं, "गावची गुरं काय सरक्या चघळून जगतीन? कुरनाले हात लावाचा नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक लाल केसांचा, रुंद खांद्यांचा गोरा मळ्यावर आला. डोक्यावर बाभळीच्या काट्यांचा भारा होता. कुणाला काही न विचारता तो कुंपणाची मोडकी जागा बुजवायला बसला. हातांना काटे बोचत होते, पण त्यानं काम पुरं केलं.

त्याचं नाव मॅलकी ड्वायर. भरावाच्या कामावरचा मुकादम. गावातल्या लोकांनी त्या नावाचं 'मालक' करून टाकलं होतं. त्याला त्याचा अर्थ कळला तेव्हा तो खूप हसला होता, कारण त्याच्या घराण्यात कुणी कधी वीतभर जमिनीचाही मालक झाला नव्हता. तो इंग्रज नव्हता, आयर्लंड नावाच्या बेटावरचा होता आणि ते तो पहिल्याच भेटीत सांगायचा.

"कल तुम लकडी लेके आया," तो मोडक्या हिंदुस्थानीत गोवर्धनला म्हणाला. "मारा क्यों नहीं?"

"देखता था," गोवर्धन म्हणाला. "तुम लोग आदमी को मारते नहीं."

मॅलकीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. गोवर्धनचे दंड पाहिले, मान पाहिली. मग म्हणाला, "एतवार को आओ. हमारा चार आदमी बुखार में है. लकडी मैं दूंगा."

खेळाचं नाव हर्लिंग. गावानं त्याला वाकडीचा खेळ म्हणायला सुरुवात केली, कारण ती काठी खाली वाकलेली असायची. मॅलकीच्या देशात ती ज्या झाडाची करायचे ते झाड इकडं नव्हतं. मग त्यानं मेळघाटातून येणारा धावडा शोधून काढला. गाडीच्या आखाला वापरतात तेच लाकूड, कितीही वाकवा, तुटायचं नाही. गावच्या सुताराकडून बुंध्याजवळचा वाकडा भाग तासून घेतला, चपट्या तोंडाला लोखंडी पट्टी ठोकली. चेंडू घोड्याच्या केसांचा, वरून वऱ्हाडी सुताचे वेढे, आणि त्यावर चांभारानं शिवलेलं कातडं. मुठीत मावेल एवढा, पण लागला तर हाड दुखावं असा.

पहिल्या रविवारी गोवर्धननं जे केलं त्याची गोष्ट गोरे लोक पुढं कित्येक दिवस सांगत होते. एक गडी चेंडू घेऊन त्याच्या अंगावर आला. गोवर्धननं वाकडी फेकून दिली, त्याच्या कमरेत हात घातला आणि धोबीपछाड मारून त्याला चारी मुंड्या चीत केलं. वर छातीवर गुडघा ठेवून पंचाकडे पाहावं तसं मॅलकीकडे पाहिलं.

कुरणभर हशा पिकला. खाली पडलेलाही हसत होता.

"नहीं, नहीं!" मॅलकी डोळे पुसत म्हणाला. "पकडना नहीं. खांदा लगाओ, छाती से छाती नहीं, पीठ में नहीं, खांदे से खांदा. जितना जोर है उतना. पर हाथ से पकडना नहीं."

हे गोवर्धनला सगळ्यात अवघड गेलं. आयुष्यभर पकडायला शिकलेले हात मोकळे ठेवायचे. जमिनीवरचा चेंडू हातानं उचलायचा नाही, वाकडीच्या टोकानं तो वर उडवायचा, उडाला की झेलता येतो. झेलला की फेकायचा मात्र नाही, वाकडीनंच मारायचा. आणि खरी कसरत म्हणजे चेंडू वाकडीच्या चपट्या तोंडावर तोलून पळायचं, मागून चार माणसं अंगावर येत असताना. पहिले काही दिवस त्याचा चेंडू दोन पावलांत खाली पडायचा. मळ्यात पाणी देतानाही तो वाकडीवर वांगं ठेवून सरीतून पळायचा.

"सायंकाळच्या भाजीले वांगं ठेवसान का नाई?" जमुना विचारायची.

तळहातांची सालं निघाली, नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. त्याची आई पार्बताबाई रोज रात्री हळद उगाळायची आणि पुटपुटायची. पण पोरगं इतकं खुशीत तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून फार बोलली नाही.

फाल्गुन लागला तसं मॅलकीनं सांगितलं, आपल्या देशाच्या संताच्या सणाच्या दिवशी अकोल्याची टोळी सामना खेळायला येणार. तिकडं मोर्णा नदीच्या पुलावर त्याच्याच देशाची बरीच माणसं होती. त्यांनीही कमी पडणारी माणसं इथलीच घेतली होती.

"उनका एक आदमी है," मॅलकी म्हणाला, "दीवार है दीवार. बाळापूर का. सहदेव."

गोवर्धनच्या हातातली वाकडी थांबली.

सहदेव जमुनाचा थोरला भाऊ होता. दोन वर्षांमागं दिवाळीच्या तोंडावर तो मुराळी म्हणून बहिणीला माहेरी न्यायला आला होता. तेव्हा कापूस फुटून पांढरा झाला होता. गोवर्धननंही त्या वर्षी अर्ध्या मळ्यात कापूस लावलेला, वेचायला माणूस मिळेना. तो म्हणाला, आता बायको पाठवत नाही, वेचणी होऊ द्या. सहदेव म्हणाला, माझी बहीण तुमची मजूर आहे का? गोवर्धन म्हणाला, माझ्या दारात उभं राहून मला शिकवू नका. सहदेव पाण्याचा घोटही न घेता बैल जुंपून निघून गेला. जमुना दाराआड उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली होती. तेव्हापासून ती बाळापूरला गेली नव्हती. तिनं एकदाही तो विषय काढला नव्हता, आणि तेच गोवर्धनला जास्त लागत होतं.

त्या संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं. जमुनाचा हात पिठात थांबला.

"दादा येऊन राहिला? इथी?"

"हो. माह्यासमोर उभा राहीन. वाकडी घेऊन."

जमुनानं त्याच्या नडगीवरच्या वळांकडे पाहिलं.

गावात बातमी फिरली. साळा-मेव्हण्यांचं वैर सगळ्यांना ठाऊक होतं. दोघं पैलवान, दोघांच्या हाती धावड्याच्या काठ्या, आणि वरून मारामारीची परवानगी. लोकांना दुसरं काय हवं? महादेवराव पाटलांना मात्र काळजी वाटली. मॅलकी त्यांना पंच व्हा म्हणून विचारायला आला तेव्हा त्यांनी त्याला आणि गोवर्धनला ओट्यावर बसवून घेतलं.

"शंकरपटात म्या बैलांचा निकाल देल्ला हाय," पाटील म्हणाले. "पन बैल काठी नाई चालवत. मले आधी समजून सांगा."

गोवर्धननं सांगितलं. दोन्हीकडे जमिनीत रोवलेल्या, वाकवलेल्या बांबूच्या कमानी. कमानीतून चेंडू गेला की एक गोल. दोन गोल जो आधी करील तो जिंकला.

"आन् काठी मानसाले लागली तं?"

"चेंडूवर मारताना लागली तं लागली, पाटील. मानसावर मारली तं गुन्हा. मागून वाकडीत वाकडी अडकवून त्याचा घाव थांबवता येते, पन हात धराचा नाई, पाय घालाचा नाई, पाठीत ढकलाचं नाई."

"म्हंजे जोर सगळा लावाचा," पाटील सावकाश म्हणाले, "पन राग नाई."

गोवर्धननं ते मॅलकीला हिंदुस्थानीत सांगितलं. मॅलकी ओट्यावरून उठला आणि त्यानं पाटलांचा हात धरून जोरजोरात हलवला. पाटील गडबडले, पण पंच व्हायला तयार झाले.

एक अडचण निघाली ती इथल्या मातीची. फाल्गुनात काळी जमीन भेगाळते, आणि त्या भेगांत चेंडूच काय, वासराचा पाय जाईल. गोऱ्यांनी भरावाची माती आणून मोठ्या भेगा बुजवल्या. तरी उरलेल्यांसाठी पाटलांनीच कायदा काढला: चेंडू भेगेत गेला तर पंच तो काढून मधोमध टाकील.

अकोल्याची माणसं मूर्तिजापूरला मुक्काम करून बैलगाड्यांनी आली. त्यांचा म्होरक्या बर्क नावाचा, ताडासारखा उंच. त्याच्या मागच्या गाडीतून सहदेव उतरला. त्याच्याबरोबर बाळापूरची चार-सहा माणसंही आली होती, सामना बघायला म्हणून, पण त्यांच्या चेहऱ्यांवरून ती नुसती बघायला आलेली वाटत नव्हती. सहदेव मॅलकीला भेटला, पाटलांना वाकून नमस्कार केला. गोवर्धनशेजारून गेला तेव्हा नुसती मान हलवली.

"रामराम, जवाई."

"रामराम, सहदेवभाऊ."

तेवढंच. बायकांच्या घोळक्यात पार्बताबाईच्या शेजारी जमुना पाण्याचा घडा घेऊन उभी होती. सहदेवनं तिला पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

ऊन चढायच्या आत पाटलांनी चेंडू मधोमध टाकला.

पहिला गोल इतक्या झटक्यात झाला की अर्ध्या लोकांना दिसलाही नाही. मॅलकीनं गर्दीतून चेंडू वाकडीनं उचलला, हवेतच मारला, आणि तो बांबूच्या कमानीतून गोफणीच्या दगडासारखा गेला. बडनेऱ्यानं जल्लोष केला. त्यानंतर मात्र कुणालाच काही मिळेना. चोवीस माणसं एका चेंडूवर तुटून पडत होती. धावड्यावर धावडा आदळत होता, लोखंडी पट्ट्यांच्या ठिणग्या उडाव्यात असा. माणसं पडत, उठत, घामानं डोळे आंधळे होत, पाणवठ्याकडे धावत आणि डोक्यावर गार पाणी ओतून परत येत. एका गोऱ्याचं नाक फुटलं. त्यानं नाकात कापसाचा बोळा कोंबला आणि तसाच खेळत राहिला. लोक आधी ओरडत होते, मग गप्प झाले. असा जोर त्यांनी बैलांच्या पटात पाहिला होता, माणसांत नाही.

गोवर्धन आणि सहदेव सतत समोरासमोर. पहिल्यांदा खांद्याला खांदा भिडला तेव्हा गोवर्धनला भिंतीवर आदळल्यासारखं वाटलं. दोघंही हलले नाहीत. दुसऱ्यांदा गोवर्धन दोन पावलं मागं गेला. तिसऱ्यांदा सहदेव. चेंडू कुठंही जावो, हे दोघं त्याच्याबरोबर धावत. गोवर्धननं मनाशी ठरवलं होतं की याला जाऊ द्यायचं नाही. पण हळूहळू त्याला दुसरंच काही दिसू लागलं. सहदेव चेंडू तोलून पळायचा तेव्हा त्याचं सगळं जड शरीर हलकं व्हायचं, जणू डोक्यावर पाण्याची घागर घेतलीय. ते बघायला गोवर्धनला आवडू लागलं, आणि आपल्याला ते आवडतंय याचा त्याला रागही येत होता.

बर्कनं दुपारच्या आत अकोल्याचा गोल केला. एकेक बरोबरी झाली. आता एकच उरला.

तेव्हाच ते घडलं. चेंडू दोघांच्या मधे पडला. दोघांनी वाकड्या फिरवल्या. गोवर्धनची वाकडी चेंडूला लागली, चेंडू उडाला, आणि वाकडीचं तोंड त्याच झोकात वर येऊन सहदेवच्या भुवईवर बसलं.

सहदेव गुडघ्यांवर आला. डोळ्यावरून, गालावरून रक्ताची धार लागली. गोवर्धन वाकडी टाकून तसाच उभा राहिला, त्याला पुढं जाता येईना, मागंही येईना. जमुनाच्या हातातला घडा कलंडला.

बाळापूरची माणसं गाड्यांकडे धावली. त्यांनी गाड्यांच्या कडेला खोचलेल्या दांडक्या, उभाऱ्या, उपसून हातात घेतल्या. इकडून बडनेऱ्याची पोरंही सरसावली. महादेवराव पाटील मधे आले, हात पसरून ओरडू लागले, पण त्यांचं कुणी ऐकेना.

"थांबा!"

सहदेव उठला होता. एक डोळा रक्तानं बुजलेला, दुसऱ्यानं तो आपल्या माणसांकडे पाहत होता.

"त्याचा घाव चेंडूवर होता," तो म्हणाला. "म्या पाह्यलं. माह्यावर नोता. उभाऱ्या ठेवा गाडीत."

"पन भाऊ, दोन सालापासून..." त्यांच्यातला एक म्हणाला.

"ते घरचं हाय. हे कुरन हाय. बसा खाली मनतो ना!"

माणसं कुरकुरत बसली. सहदेवनं डोक्याचा पटका सोडला, त्याची पट्टी फाडून कपाळाला आवळून बांधली. मग खाली वाकून गोवर्धनची वाकडी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"घ्या, जवाई. अजून एक गोल बाकी हाय."

मॅलकी थोड्या अंतरावर उभा होता. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती.

पुढचा खेळ लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिला. सहदेव एका डोळ्यानं खेळत होता आणि पहिल्यापेक्षा चांगला खेळत होता. गोवर्धनच्या मनातून भीती गेली होती, आणि भीतीबरोबर तो जुना कडवटपणाही. आता तो नुसता खेळत होता. एकदा चेंडू उंच आला, वरती चार-पाच वाकड्या उगारलेल्या. गोवर्धननं उडी मारून त्यांच्यामधे रिकामा हात घातला आणि चेंडू झेलला. त्याच क्षणी एक वाकडी त्याच्या बोटांवर बसली. करंगळी मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. त्यानं चेंडू सोडला नाही. खाली येता येता एका हातानं वाकडी फिरवून त्यानं तो मॅलकीकडे मारला. मॅलकीनं कमानीवर टोला हाणला. चेंडू बांबूला लागून परत आला, आणि नेमका सहदेवच्या पायाशी.

सहदेवनं वाकडीच्या टोकानं तो उचलला, तिच्या तोंडावर तोलला आणि पळत सुटला.

सगळं कुरण मधे मोकळं होतं. मागं फक्त गोवर्धन. मोडल्या बोटाचा हात छातीशी धरून तो जिवाच्या आकांतानं धावला. कमान जवळ आली तेव्हा त्यानं सहदेवला गाठलं. पाय घालणं सोपं होतं. पाटील बरेच मागं राहिले होते, त्यांना दिसलंही नसतं. गोवर्धनला ते सुचलंसुद्धा नाही. त्यानं होता नव्हता तो सगळा जोर लावून खांद्याला खांदा दिला. सहदेव हेलपाटला. चेंडू वाकडीवरून सुटला. पडता पडता, जमिनीला टेकायच्या आत, सहदेवनं एका हातानं वाकडी फिरवली आणि चेंडूला गाठलं.

चेंडू कमानीतून गेला. दोघंही धुळीत एकमेकांवर कोसळले.

बडनेऱ्याच्या बायकांमधून एकच आवाज उठला.

"दादा! दादानं केला!"

जमुना होती. ओरडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सासरच्या गावात, नवऱ्याची हार झाल्यावर ओरडतोय. ती तोंडावर पदर घेऊन पार्बताबाईकडे बघू लागली.

पार्बताबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "वरड, माय, वरड. तुहा भाऊ हाय."

धुळीत पडलेला गोवर्धन हसत होता. पोटातून, मोठमोठ्यानं. सहदेवनं मान वर करून पाहिलं.

"काहून हसून राहिले, जवाई? हारले ना तुमी."

"पडता पडता मारला, सहदेवभाऊ! एका डोळ्यानं! म्या असं कधी पाह्यलं नाई."

तेवढ्यात सहदेवचं लक्ष गोवर्धनच्या हाताकडे गेलं. करंगळी भलत्याच बाजूला वळली होती. "अरे, हे मोडलं," तो म्हणाला आणि उठून बसला. "इकडं द्या. दात आवळून बसा." त्यानं गोवर्धनचं मनगट धरलं, बोट ओढून सरळ केलं. गोवर्धन कळवळून ओरडला, तोवर जमुना पाणी घेऊन पोचली होती. तिनं आधी भावाची भुवई धुतली, मग नवऱ्याच्या बोटाला निरगुडीची काडी लावून कापड गुंडाळलं. ती रडत होती की हसत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

महादेवराव पाटलांनी अकोल्याला विजयी म्हणून जाहीर केलं. दोन्हीकडचे गोरे एकमेकांच्या गळ्यात पडले. मॅलकी मात्र एकटाच कमानीशी जाऊन बसला होता. गोवर्धन त्याच्याजवळ गेला. मॅलकीचे डोळे ओले होते.

"हार गया इसलिए?" गोवर्धननं विचारलं.

मॅलकीनं मान हलवली. तो सावकाश, शब्द शोधत बोलला. तो तरुण होता तेव्हा त्याच्या देशात पीक कुजून मोठा दुष्काळ पडला. त्याच्या गावात वाकडी खेळणारे खूप होते. काही मेले, काही जहाजात बसून निघून गेले. पुढं एका रविवारी तो वाकडी घेऊन मैदानात गेला, तर समोर उभं राहायला माणूसच नव्हता. कितीतरी वेळ तो एकटाच भिंतीवर चेंडू मारत बसला होता.

"आज," तो म्हणाला, "मेरे गांव के जैसा था. वैसा ही. तुम और वो." त्यानं सहदेवकडे बोट दाखवलं. "मेरा बाप देखता तो बहुत खुश होता."

गोवर्धन मॅलकीच्या शेजारी तसाच बसून राहिला, धुळीनं भरलेला, आणि दोघं मिळून कुरणातल्या पांगणाऱ्या माणसांकडे पाहत राहिले.

जेवण पाटलांकडे होतं. पिठलं, भाकरी, गोवर्धनच्या मळ्यातल्या वांग्यांची भाजी, वर मिरचीचा ठेचा. बर्कनं ठेचा खाल्ला आणि तो विहिरीपर्यंत धावत गेला, तेव्हा दिवसातलं सगळ्यात मोठा हशा पिकला. सहदेव पंगतीत गोवर्धनच्या शेजारी बसला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या गावचं पाणी घेतलं.

ताटावरून उठताना तो म्हणाला, "जवाई, एक बोलतो. आज म्या मुराळी म्हनून नाई आलो. पन माय आठवन काढते. आन् गाडी उद्या रिकामीच जाते."

गोवर्धननं बांधलेल्या बोटाकडे पाहिलं. "रिकामी काहून जाईन? तवा म्या चुकलो होतो, भाऊ. वेचनी काय, झाली असती कशीबी." मग आत बघून त्यानं हाक मारली, "जमुना! गाठोडं बांध वं!"

पार्बताबाई बाहेर येऊन म्हणाली, "तिचं बांधून झालं हाय कवाचंच."

सकाळी गाड्या निघाल्या. जमुना सहदेवच्या गाडीत मागं बसली, मांडीवर आईसाठी मळ्यातल्या मिरच्यांची टोपली. सहदेव कासरा हातात घेऊन जुवाजवळ उभा होता आणि गोवर्धन चाकाला टेकून. बैल जुंपून झाले होते, पण गाडी काही हलत नव्हती.

"खांदा तुमी अंमळ मागून देल्ला," सहदेव म्हणत होता. "पाटील जवळ असते तं त्यायनं आडवलं असतं."

"मागून? भाऊ, म्या बाजूनं देल्ला! तुमाले एकच डोळा होता, तुमाले काय दिसलं?"

"एका डोळ्यानं चेंडू दिसला ना?"

"तो नशिबानं दिसला. पुढच्या खेपेले पाहू, अकोल्याले येतो मी."

"या. मोर्णेच्या काठी जागा हाय. भेगा कमी हायेत तिकडं."

"भेगा असल्या तरी..."

"दादा," जमुना गाडीतून म्हणाली, "चाला ना आता. ऊन झालं."